नथीचं वजन कोण पेलतं?

भाचीचं लग्न ठरलं आणि माझ्या आजीची नथ कपाटातून बाहेर निघाली. लाल मखमलीची चौकोनी डबी, बिजागरी मोडलेली, आत कापसावर नथ. भाचीने आरशासमोर उभं राहून घालायचा प्रयत्न केला. नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण तार काही आत जाईना. शेवटी आम्ही दोघी सराफांकडे गेलो. त्यांनी नथ भिंगाखाली धरली, काट्यावर ठेवली. साडेसहा ग्रॅम. मग भाचीच्या नाकातली चमकी बघून म्हणाले, "ताई, भोक चमकीचं आहे आणि तार नथीची. जवळजवळ दुप्पट जाड."

नथीबद्दल आपण खूप बोलतो, पण बहुतेक बोलणं तिच्या सौंदर्याचं किंवा परंपरेचं असतं. ती नाकात राहते कशी, हा प्रश्न मला तरी तोवर पडला नव्हता. आता वाटतं, नाकातला कुठलाही दागिना समजून घ्यायचा तर आधी दोनच गोष्टी विचाराव्यात. भोक कुठे आहे? आणि वजन कोण पेलतंय? या दोन उत्तरांतून दागिन्याचा आकार निघतो. नावं आणि अर्थ त्यावर नंतर चढत जातात.

"नाकापेक्षा मोती जड" ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. ज्याने सोबत असायचं तोच मुख्य माणसाला भारी पडू लागला, की ती तोंडी येते. पण सोनाराच्या दृष्टीने ती अगदी शब्दशः खरी आहे. मोती नाकापेक्षा जड झाला तर भोक ओघळतं. वर्षानुवर्षं जड कुड्या घातलेल्या आज्यांच्या कानाच्या पाळ्या आपण पाहिल्यात, नाकपुडीचंही तसंच होतं.

भोक कुठे, भार कुठे

नाकात टोचायच्या नेहमीच्या जागा तीन: डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी आणि दोन्हींच्या मधला पडदा. महाराष्ट्रात आणि उत्तर भारतात साधारणपणे डावी बाजू, तमिळ भागात परंपरेने उजवी. दक्षिणेत दोन्ही बाजूही टोचतात. एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा कुठलाही फोटो आठवा, दोन्ही नाकपुड्यांवर हिरे चमकताना दिसतील. भरतनाट्यम् नर्तकीच्या साजात तर तिन्ही जागा भरलेल्या असतात, आणि मधल्या पडद्यातून ओठांवर लोंबतो त्याला बुल्लाक्कू म्हणतात.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे जवळजवळ बिनवजनाचा. आपली चमकी, मुरणी, फुली; पंजाबातलं लौंग, म्हणजे लवंगेच्या आकाराचं; तमिळ मूक्कुत्ती, तेलुगू मुक्कुपुडका, कन्नड मूगुती, बंगाली नाकछाबी. बाहेर एक खडा किंवा फूल, आत बारीक दांडी आणि तिला फिरकी, नाहीतर दांडीलाच दिलेला वळसा. भार इतका थोडा असतो की झोपताना, केस धुताना, भांडी घासतानाही तो विसरता येतो. रोजच्या वापराला म्हणूनच हा प्रकार सगळीकडे टिकला. अशा चमकीची दांडी बहुधा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची असते. भाचीच्या नाकाला सवय होती ती एवढ्याच जाडीची.

दुसरं टोक म्हणजे गढवालची, विशेषतः टिहरीची नथ. नाकपुडीपासून निघालेली ही सोन्याची भली मोठी कडी गालावरून हनुवटीच्या उंचीपर्यंत उतरते. घरची ऐपत वाढली की नथीत सोनं वाढवायचं, अशी तिथे रीत होती. काही तोळ्यांची कडी एका नाकपुडीने पेलायची म्हटलं तर ती फाटेल. म्हणून कडीला साखळी किंवा दोरा लावतात आणि तो कानामागे नेऊन केसांत अडकवतात. राजस्थानातही मोठ्या नथींना अशी साखळी असते. आपल्याला ती शोभेची वाटते, पण खरं काम तीच करते. दागिना नाकातला असतो, भार केसांवर असतो.

पडद्यातल्या दागिन्याची गोष्ट आणखी वेगळी. तो बरोबर मध्यभागी लोंबतो, त्यामुळे एका बाजूला ओढ बसत नाही. पडद्याच्या पुढच्या भागात एक पातळ, मऊ जागा असते, टोचतात ती तिथेच. हिमालयाच्या पट्ट्यात बुलाक, नेपाळात बुलाकी, बंगालात नोलक अशी त्याची नावं. मोठा बुलाक ओठांवर येतो, म्हणजे प्रत्येक घासाला तो एका हाताने उचलावा लागतो. पश्चिम आफ्रिकेत मालीमधल्या फुलानी बायकाही पडद्यात सोन्याची कडी घालतात, त्यामुळे ही जागा काही फक्त आपल्या उपखंडाने शोधलेली नाही.

आणि अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यातल्या आपातानी आज्या. त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांत गोल काळ्या चकत्या बसवलेल्या असतात. इथे काही लोंबतच नाही. भोकच हळूहळू मोठं करत नेलेलं असतं आणि दागिना त्यात बुचासारखा घट्ट बसतो. १९७० च्या दशकात तिथल्या तरुणांनी ही प्रथा थांबवली, त्यामुळे आता ती फक्त म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर उरली आहे. पर्यटक त्यांचे फोटो काढत सुटतात, ते पाहून मला फार अवघडल्यासारखं होतं. त्यांच्या मुलींनी पुढे न न्यायचं ठरवलेली ती गोष्ट आहे.

आपली नथ, जवळून

आता आजीची नथ. मराठी नथ पूर्ण गोल नसते, ही तिची पहिली ओळख. सोन्याची एक तार, तिचं एक टोक आकड्यासारखं वळवलेलं, ते नाकात जातं. तारेच्या पुढच्या भागावर मोत्यांचा घोस. आजीच्या नथीत पुढे टपोरे मोती, नाकाकडे लहान होत गेलेले, मध्ये एक लाल खडा आणि त्याच्याखाली हिरवा. प्रत्येक मोती केसाएवढ्या सोन्याच्या तारेत ओवून मुख्य तारेला पीळ देऊन बसवलेला. भिंगाखाली ते पीळ दिसतात. एका ठिकाणी पीळ नव्या तारेचा आहे, म्हणजे मोती कधीतरी निसटला होता आणि कुणीतरी पुन्हा बसवून घेतला.

या आकारात एक हुशारी आहे. गढवाली कडीचं वजन भोकापासून लांब जातं, म्हणून ती हेलकावते आणि जास्त ओढते. मराठी नथीचा घोस नाकाला चिकटून, वरच्या ओठाच्या बाजूला बसतो. लांब काठीच्या टोकाला बांधलेली पिशवी आणि कोपराजवळ अडकवलेली पिशवी, यांत जो फरक तोच इथे. वजन तेवढंच असलं तरी जवळ असल्यामुळे झेपतं, आणि साखळीची गरज पडत नाही. हां, तार मात्र मजबूत लागते, नाहीतर घोस खाली वाकतो. आजीच्या नथीची तार जाड आहे ती यासाठी.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आपली नथ डाव्या नाकपुडीसाठी घडवलेली असते, घोसाचा कल आणि आकड्याचं वळण त्या हिशोबाने असतं. उजवीकडे घातली तर ती उलटी पडते. मोबाइलवरच्या सेल्फीत नथ उजव्या नाकपुडीत दिसली तर बहुतेक वेळा फोटो आरशासारखा उलटलेला असतो, नथ जागच्या जागीच असते.

पेशवाई, ब्राह्मणी, मराठा, कारवारी, बानू अशी नावं दुकानांत ऐकू येतात. त्यांना फार धरून बसू नये, असं माझं मत आहे. एका दुकानातली पेशवाई दुसऱ्या दुकानात ब्राह्मणी म्हणून मिळते. ऑर्डर देताना नावाऐवजी मोत्यांचा आकार, घोसाची लांबी, तारेची जाडी आणि वजन सांगावं. म्हणजे मनात आहे तीच नथ हातात येते.

मोत्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण जुन्या नथीचं मोल तिथे आहे. आजी "बसऱ्याचे मोती" म्हणायची. हे मोती इराणच्या आखातातले, बहरीनसारख्या ठिकाणी पाणबुडे समुद्रतळाच्या शिंपल्यांतून काढायचे. बसरा हे त्यांच्या व्यापाराचं गाव. आखातातले व्यापारी ते मोती घेऊन मुंबईत यायचे, कारण मोत्यांची सगळ्यात मोठी उलाढाल होणाऱ्या बाजारांत मुंबई होती. १८९३ मध्ये जपानच्या कोकिची मिकिमोतो यांना शिंपल्यात मोती तयार करून घेण्यात यश आलं. असे पोसलेले मोती पुढे जगभर स्वस्तात मिळू लागले, त्यात जागतिक मंदीची भर पडली आणि १९३० च्या दशकात आखातातला हा धंदा कोसळला. आज नव्या नथीत असतात ते पोसलेले मोती, किंवा सरळ प्लॅस्टिकचे मणी. दातावर घासून मोती खरखरीत लागला म्हणजे तो बसऱ्याचाच, असं सांगितलं जातं, पण पोसलेला मोतीही तसाच खरखरीत लागतो. नैसर्गिक की पोसलेला हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांखालीच खात्रीने कळतं.

मोती म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्या जातीचा पदार्थ. घाम, परफ्यूम, लिंबू, साबण यांनी त्याची झळाळी जाते. म्हणून मेकअप, स्प्रे सगळं उरकल्यावर नथ घालावी आणि उतरवल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवावी.

किती जुनी?

नथ वेदकाळापासून आहे, असं व्हॉट्सॲपवर दर सणाला येतं. या बाबतीत मला आपल्या लोकांनी केलेला अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस नथीच्या प्राचीनतेवर एक लेख लिहिला. जुनी साधनं तपासून त्यांनी दाखवलं की साधारण इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात आपल्याकडे नाकातल्या दागिन्याचा मागमूस लागत नाही. अमरकोशात डोक्यापासून पायापर्यंत अलंकारांची नावं आहेत, नाकाचं एकही नाही.

पुस्तक न उघडताही हे तपासता येतं. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात हातात आरसा घेऊन शृंगार करणारी राजकन्या आहे. गळा, दंड, कमर, केस सगळं दागिन्यांनी भरलेलं. नाक मोकळं. वेरूळला गेलात तर देवींच्या मूर्तींकडेही या नजरेने बघा.

मग आली कुठून? पश्चिम आशियात नाकातल्या कडीचा उल्लेख फार जुना आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात, अब्राहामाचा सेवक रिबेकाच्या नाकात सोन्याची कडी घालतो, तिचं वजनसुद्धा दिलं आहे: अर्धा शेकेल. पश्चिमेकडून येणाऱ्या लोकांबरोबर मध्ययुगात हा दागिना आपल्याकडे रुळला, असं अनेक अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बायकांचे दागिने नोंदले, त्यात फुली आहे, लौंग आहे आणि नथ आहे. नथीचं वर्णन असं: सोन्याची कडी, दोन मोत्यांच्या मध्ये माणिक. हे वाचलं तेव्हा मी आजीची डबी पुन्हा उघडली. मोती, लाल खडा, मोती. चारशे वर्षांहून जुनी नोंद आणि माझ्या तळहातावर तीच जुळणी.

शब्द मात्र इथलाच आहे. संस्कृतात 'नस्ता' म्हणजे नाकाला पाडलेलं भोक, आणि तो शब्द बैलाच्या संदर्भात वापरला जायचा. 'नथ' त्याच कुळातली. बैलाच्या वेसणीसाठीचा शब्द बाईच्या दागिन्याला लागला, यावरून पुष्कळांनी पुष्कळ अर्थ काढले आहेत. मला वाटतं, भाषेला नाकातल्या भोकासाठी हाताशी असलेला शब्द तिने वापरला. पण 'वेसण घालणे' हा वाक्प्रचार बाईबद्दल वापरला जातो तेव्हा तो जोड कानाला टोचतो, हेही खरं.

याच ओघात दुसरा एक समज. डावी नाकपुडी टोचली की बाळंतपण सोपं होतं आणि हे सुश्रुताने लिहिलंय, असं सांगतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १६ वा अध्याय कान टोचण्याचा आहे. तुटलेलं नाक कातडीने नवं कसं करायचं हेही त्याच अध्यायात आहे. दागिन्यासाठी नाक टोचण्याचा विधी त्यात नाही. सोळा संस्कारांतही कर्णवेध आहे, नाकाचा संस्कार नाही.

अर्थ कुणी दिला

महाराष्ट्रात नथ म्हटली की सौभाग्य आलं. गौरीच्या मुखवट्याला नथ, कोल्हापूरच्या अंबाबाईला नथ, हळदीकुंकवाला नथ. आणि नवरा गेला की नथ उतरली. माझ्या आत्याने चाळिशीत नथ काढून ठेवली ती कायमची. तिच्या नाकाचं भोक पुढे बुजत गेलं, एक बारीक ठिपका उरला होता. त्या ठिपक्याकडे बघून मला लहानपणीही राग यायचा, अजून येतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं. आत्या असती तर तिला हे मी स्वतः वाचून दाखवलं असतं.

हा अर्थ सगळीकडे सारखा नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. तमिळ घरांत वयात आलेल्या अविवाहित मुलीही मूक्कुत्ती घालतात. १८६० पासून तमिळ मजूर ऊसमळ्यांत राबायला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गेले, त्यांच्याबरोबर ही रीतही गेली. पुढे डर्बनमधल्या एका शाळेने नाकात चमकी घालून आलेल्या विद्यार्थिनीला ती काढायला सांगितली. आमच्या घरची ती परंपरा आहे, असं तिच्या आईने सांगितलं. प्रकरण थेट संविधान न्यायालयात गेलं आणि २००७ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने लागला. एवढ्याशा खड्यासाठी देशाचं सर्वोच्च पीठ बसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टोचायचं असेल तर

"सोनारानेच कान टोचावेत" ही म्हण नाकाला जास्त लागू आहे. जाणत्या माणसाकडून, निर्जंतुक केलेल्या पोकळ सुईने टोचून घ्यावं. बंदुकीसारखं यंत्र कुर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या भागात वापरू नये असं पियर्सिंगचे तज्ज्ञ सांगतात. ते दागिना दाबून घुसवतं, पेशी चेंगरतात, आणि यंत्र नीट निर्जंतुकही करता येत नाही. कुर्चेला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे तिथला जंतुसंसर्ग चिवट असतो. पहिला दागिना चांगल्या सोन्याचा किंवा टायटॅनियमचा असावा. निकेल मिसळलेल्या धातूने पुष्कळांना खाज आणि पाणी सुटतं. दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइनने पुसणं पुरे. हळद-तेलाचा लेप लावायची आपली सवय आहे, पण तेल भोकात साचतं आणि कचरा धरून ठेवतं. वरून बरं दिसलं तरी आतून पूर्ण भरायला चार-सहा महिने लागतात. सूज वाढत गेली, ताप आला किंवा पू येऊ लागला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावं.

आणि जुनी नथ घालायची असेल तर घाई करू नये. ज्या भोकात ०.८ ची दांडी आहे त्यात थोडी जाड दांडी घालून काही महिने ठेवायचं, मग आणखी थोडी जाड. तार जबरदस्तीने ढकलली की आत चीर पडते.

भाचीच्या लग्नाला तीन आठवडे होते. सराफांनी दोन पर्याय दिले. आजीच्या नथीची तार कापून बारीक तार जोडायची, किंवा नवी चापाची नथ घ्यायची. चापाच्या नथीत भोक लागतच नाही, स्प्रिंगसारखी तार नाकपुडीला चिमटीत धरते. भाची बराच वेळ जुन्या नथीवरचा तो नव्या तारेचा पीळ बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, ही नको कापायला." लग्नात तिने चापाची घातली. सप्तपदीपर्यंत नाकावर लाल वळ उठला होता आणि ती दर फोटोनंतर दोन बोटांनी नाकपुडी चोळत होती.

आता तिच्या नाकात एक मिलिमीटरची दांडी आहे. पुढची दिवाळीनंतर घालायची ठरली आहे. भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा तिनेच डबी आणली आणि थोरल्या गौरीच्या पितळी मुखवट्याच्या नाकात आजीची नथ अडकवली. तार पहिल्याच प्रयत्नात आत गेली.